चांदबीबीचा किल्ला आणि लेकीचा वाटा

नगरचा किल्ला म्हटला की आपल्याला चांदबीबी आठवते. १५९५-९६ च्या मुघल वेढ्यात तिने तो राखला. पण एक राणी लढली म्हणून सगळ्या स्त्रियांना हक्क मिळाले असं होत नाही. कुराणाने मेहर स्त्रीच्या मालकीची मानली. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीला वाटा दिला. १९३७ च्या शरीयत कायद्यातून मात्र शेतजमीन वगळली गेली. आणि आपल्याकडे खेड्यात इस्टेट म्हणजे शेतजमीनच!

तोंडी तलाकविरुद्ध हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढला. एका दमातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला २०१७ मध्ये, एक्कावन्न वर्षांनी. मग लेकीच्या वाट्यासाठी आपण किती वर्षं थांबणार आहोत?