टाकी भरली, पण नळाला पाणी?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पाणी आले नाही म्हणून पाणीपुरवठा विभागाला फोन केला, की पुष्कळदा एक ठरलेले उत्तर मिळते, ‘टाकी भरलेली आहे, पंप चालू आहे.’ ते उत्तर खोटे नसते. टाकी खरोखरच भरलेली असते आणि पंपही चालू असतो. तरी आपला नळ कोरडा, कारण मधे कुठेतरी एखादा व्हॉल्व्ह बंद राहिलेला असतो. पाणी आले की नाही हे टाकीवर चढून कळत नाही, त्यासाठी नळच सोडून पाहावा लागतो. आजचा माझा विषय संगणकाचा आहे, पण त्याचे सार एवढेच आहे.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. क्लाउडवरच्या सेवा नीट चालू आहेत ना, यावर लक्ष ठेवणे हे माझे काम. क्लाउड म्हणजे मोठ्या कंपन्यांनी उभारलेली संगणकांची प्रचंड केंद्रे. त्यातली जागा आपण वीज-पाण्यासारखी वापराप्रमाणे पैसे देऊन घेतो. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार, मुलांच्या प्रवेशाचा अर्ज, यातले बरेचसे आता अशा केंद्रांतून चालते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेच्या प्रवेश अर्जांची व्यवस्था आमच्याकडे होती. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस रविवारी आला होता. रात्री सव्वानऊच्या सुमारास उदगीरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ‘दादा, पोराचा फॉर्म भरतेय. सगळं होतंय, पण पैसे भरायच्या पानावर गेलं की मोबाइल म्हणतो, हे पान सुरक्षित नाही. सातव्यांदा करतेय. माझंच काही चुकतंय का रे?’

मी लॅपटॉप उघडला. आमच्या फलकावर सगळे दिवे हिरवे होते. संगणक चालू, स्मृती पुरेशी, मुखपृष्ठ उघडतेय. मी तिला म्हणणारच होतो, की तुझे नेटवर्क खराब असेल. मग स्वतःच एक खोटा अर्ज भरून पाहिला आणि शुल्काच्या पानावर मलाही तोच इशारा दिसला. त्या पानाचा पत्ता वेगळा होता आणि त्याचे सुरक्षा प्रमाणपत्र त्याच दिवशी पहाटे साडेपाचला संपले होते. पहाटे साडेपाचच का? प्रमाणपत्राची मुदत ग्रीनिचच्या मध्यरात्री संपत होती आणि तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजतात. म्हणजे पावणेसोळा तास टाकी भरलेली होती आणि नळ कोरडा होता. मदत केंद्राला रविवारची सुटी होती. तक्रारींचे ईमेल तिथे नुसते साचत होते.

आम्ही रात्री प्रमाणपत्र बदलले, संस्थेने मुदत वाढवली, बहिणीच्या मुलाचा अर्ज गेला. पण ‘माझंच काही चुकतंय’ असे समजून ज्यांनी दुपारीच नाद सोडला आणि मुदत वाढल्याचे ज्यांना कळलेच नाही, त्यांचे काय? ती मुले किती होती हे आम्हाला कधीच कळणार नाही. जो अर्ज पोहोचलाच नाही, त्याची नोंद कुठून असणार? ही बोच आजही जात नाही.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही होते. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओ-टू या मोबाइल कंपनीचे इंटरनेट लाखो ग्राहकांसाठी बंद पडले. कारण होते, एरिक्सनने पुरवलेल्या सॉफ्टवेअरमधील मुदत संपलेले प्रमाणपत्र. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवा काही तास अशाच कारणाने अडली. पुढे तर हे अधिक जपावे लागणार आहे, कारण संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले आहे. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस.

यावरचा उपाय म्हणजे नळ सोडून पाहणारा एक यांत्रिक माणूस ठेवायचा. आमच्या व्यवसायात याला सिंथेटिक मॉनिटरिंग म्हणतात. मराठीत ‘कृत्रिम ग्राहकाची गस्त’ म्हणता येईल. पावसाळ्यात कोकण रेल्वेचा गस्तवाला रुळावरून चालत जातो. दरड कोसळली का, हे गाडीने येऊन सांगायची तो वाट पाहत नाही. तसा हा छोटा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी ब्राउझर उघडतो, अर्जाच्या पानावर जातो, नाव लिहितो, बटण दाबतो, शुल्काच्या पानापर्यंत पोहोचतो आणि तिथे अपेक्षित शब्द दिसले का ते पाहतो. दर पाच मिनिटांनी म्हणजे दिवसाला २८८ फेऱ्या. रविवार नाही, दिवाळी नाही.

ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये अशा प्रोग्रॅमला ‘कॅनरी’ असे नाव आहे. कॅनरी हा छोटा पिवळा पक्षी. कोळशाच्या खाणीतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास, ना रंग. तो ओळखण्यासाठी छोटे प्राणी खाणीत न्यावेत, असे जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचवले. माणसाच्या आधी पक्षी कोलमडे आणि खाणकामगारांना बाहेर पडायला वेळ मिळे. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये या पक्ष्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय झाला. पक्षी सुटले, पण नाव संगणकात येऊन बसले.

त्या रविवारनंतर आम्ही उत्साहाने चाळीसेक तपासण्या लावल्या. पडद्यावर बटणे दाबून, रकाने भरून. आणि वर्षभरात दुसरी ठेच लागली. एका रात्री दुरुस्तीचे काम होते, म्हणून कोणीतरी एक तपासणी तात्पुरती बंद केली. ती पुन्हा सुरू करायची राहून गेली. तीन महिन्यांनी ती सेवा पडली, तेव्हा गस्तवाला झोपलेलाच होता. कोणी बंद केली, कधी, का, याची कुठेच नोंद नव्हती. ज्याला ठाऊक असावे, तो सहकारी दुसरीकडे नोकरीला गेला होता.

तेव्हापासून आम्ही तपासण्या बटणांनी लावत नाही, फाइलमध्ये लिहून ठेवतो. टेराफॉर्म नावाचे एक साधन २०१४ पासून उपलब्ध आहे, आम्ही ते वापरतो. तशी इतरही साधने आहेत. फाइलमध्ये काय असते, ते मराठीत वाचून दाखवतो. तपासणीचे नाव, शुल्क-भरणा. फेरी, दर पाच मिनिटांनी. ठिकाणे, मुंबई, हैदराबाद आणि सिंगापूर. वेळमर्यादा, तीस सेकंद. प्रमाणपत्राची मुदत तीस दिवसांपेक्षा कमी उरली तर सूचना. तीनपैकी दोन ठिकाणी लागोपाठ दोनदा नापास झाल्यास घंटा. घंटा कोणाच्या फोनवर, तेही लिहिलेले. ही फाइल साधनाच्या हाती दिली की ते क्लाउडला सांगून तंतोतंत तशी तपासणी उभी करते.

यात विशेष ते काय? घरातल्या तोंडी व्यवहारात आणि वहीत लिहिलेल्या हिशेबात जो फरक, तोच इथे. फाइलमधला प्रत्येक बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद राहते. बदल लागू होण्यापूर्वी दुसरा सहकारी तो वाचतो. साधनही आधी आराखडा दाखवते, की एक तपासणी नवी येईल, एक बदलेल, काहीही पुसले जाणार नाही. आपण हो म्हटले तरच पुढे जाते. आणि कोणी मधेच हाताने तपासणी बंद केली, तर पुढच्या आराखड्यात ते उघडे पडते, की वहीत ‘चालू’ लिहिले आहे आणि प्रत्यक्षात ती बंद आहे. आता हा आराखडा रोज पहाटे आपोआप काढला जातो. तीन महिने झोपलेला गस्तवाला दुसऱ्या दिवशी सापडतो.

आणखी एक सोय. सेवेचा प्रोग्रॅम जिथे ठेवलेला असतो, तिथेच तिच्या तपासणीची फाइल असते. नवे पान बांधणाऱ्याने तपासणीही सोबत लिहिली नसेल, तर वाचणारा सहकारी विचारतो, ‘दार केलंस, कडी कुठे आहे?’

आता वर सांगितलेल्या अटींमागची कारणे. दोन ठिकाणी, लागोपाठ दोनदा, असे का? इंटरनेटवर क्षणभर अडखळणे नेहमीचेच असते. प्रत्येक अडखळीला घंटा वाजली, तर ‘लांडगा आला रे आला’ची गत होते. पहाटे तीन वेळा उगाच उठवलेला माणूस चौथ्या वेळी फोन उलटा घालून झोपतो. दोन फेऱ्या थांबलो, तरी बिघाड साधारण दहा मिनिटांत कळतो. पावणेसोळा तासांच्या तुलनेत हे फार नाही. महिन्याला ९९.९ टक्के सेवा चालू ठेवण्याचे वचन दिले असेल, तर तीस दिवसांत बंद राहण्याची मुभा असते सुमारे ४३ मिनिटांची. त्यातली दहा मिनिटे नुसती कळण्यात जातात, म्हणून हे आकडे विचारपूर्वक ठरवावे लागतात.

आणि तीन शहरे का? कारण गस्तवाला आणि रूळ एकाच दरडीखाली सापडता कामा नयेत. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना चुकीची माहिती भरली आणि थोड्याऐवजी पुष्कळ संगणक काढले गेले. माहिती साठवण्याची त्यांची ‘एस-थ्री’ ही सेवा काही तास कोलमडली. पण सेवांची स्थिती दाखवणाऱ्या त्यांच्या फलकाचे कामकाजही त्याच सेवेवर अवलंबून होते. त्यामुळे सुमारे दोन तास त्यांना फलकावरची सेवांची स्थिती बदलता आली नाही आणि ट्विटरवरून लोकांना कळवावे लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. म्हणून आमच्या फाइलमध्ये आणखी एक ओळ असते, निकाल आलाच नाही, तर तोही नापास समजावा. गप्प बसलेला गस्तवाला म्हणजे ‘सर्व ठीक’ नव्हे.

काही पथ्येही आहेत. फाइल अनेकजण वाचतात, म्हणून तिच्यात पासवर्ड लिहायचा नाही, तो वेगळ्या तिजोरीत ठेवायचा. कृत्रिम ग्राहकाचे अर्ज खऱ्या अर्जांत मिसळू द्यायचे नाहीत, नाहीतर दिवसाला २८८ खोटे विद्यार्थी जमतील. शिवाय प्रत्येक फेरीचे पैसे पडतात. म्हणून ज्या वाटेवर लोकांचे खरोखर काही अडते, तीच आधी निवडायची.

हे सगळे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा आहे. पण मुंबईच्या केंद्रातून चालणारा प्रोग्रॅम जलद इंटरनेटवर असतो आणि त्याच वेळी किनवटच्या एखाद्या पाड्यावर जुन्या फोनवर पान अर्धवटच उघडत असते. वरचे शीत शिजले, म्हणून तळही शिजला असे नाही. त्यामुळे कृत्रिम ग्राहक कितीही ठेवले, तरी खऱ्या माणसाच्या तक्रारीचा फोन उचलायलाच हवा. आमचे मदत केंद्र आता शेवटच्या तारखेला रविवार असला तरी उघडे असते.

परवा बहिणीचा फोन आला होता. त्या वेळी ज्याचा अर्ज अडला होता, तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. तिने सहज विचारले, ‘दादा, तुझं नेमकं काम काय रे?’ मी म्हटले, ‘दर पाच मिनिटांनी तुझ्यासारखा फॉर्म भरून पाहणं.’

तेव्हा वाचकहो, एखाद्या संकेतस्थळावर अडलात तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. इशारा धुडकावून पैसेही भरू नका. त्याचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि कळवा. दिवे हिरवे असतील, पण नळ तुमच्या घरचा आहे. त्याला पाणी नाही हे तुम्हीच सांगायचे आहे.