फुकटाचा जमाखर्च

फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणी ना कोणी मोजत असतोच. बँकेच्या खातेवह्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला तरी हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्तमानपत्र स्वस्तात मिळते, कारण त्याच्या खर्चाचा मोठा वाटा जाहिरातदार उचलतो. इंटरनेटने हाच हिशेब पुढे चालवला. ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर जाहिरातींच्या पट्ट्या झळकल्या. वाचा फुकट, पण जाहिरात पाहा, असा अलिखित करार पुढे रूढ झाला.

तो मोडण्याची सोय २००६ साली आलेल्या ‘अॅडब्लॉक प्लस’ने घरोघरी पोहोचवली. पडद्यावर उमटण्याआधीच जाहिरात अडवणारी ही गाळणी! जर्मनीतील ‘बिल्ड’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये ती वापरणाऱ्यांना बजावले, गाळणी काढा, नाहीतर पैसे भरा. ‘बिल्ड’च्या प्रकाशकांनी गाळणीवाल्यांना कोर्टातही खेचले. एप्रिल २०१८ मध्ये तेथील संघराज्य न्यायालयाने गाळणी कायदेशीर ठरवली. गंमत अशी की, ठरावीक ‘सभ्य’ जाहिराती आत सोडण्यासाठी हेच गाळणीवाले बड्या कंपन्यांकडून पैसे घेत होते!

कायद्याने सुटलेला प्रश्न नीतीने सुटतोच असे नाही. मार्को आर्मेंट या अमेरिकन तंत्रज्ञाने सप्टेंबर २०१५ मध्ये आयफोनसाठी ‘पीस’ नावाची गाळणी विक्रीस आणली. ती खपात पहिली आली आणि दोनच दिवसांत त्याने ती मागे घेतली. ज्यांचा काही दोष नाही अशांनाही तिचा फटका बसतो, ही टोचणी त्याला लागली होती.

वाचकाची बाजूही लंगडी नाही. छापील जाहिरात आपल्या चौकटीत गप्प बसते. पडद्यावरची मात्र आपल्यालाच न्याहाळते, काय वाचले, काय विकत घेतले याची नोंद ठेवते आणि आपल्याच पैशाचा डेटा खाते. मार्च २०१६ मध्ये तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘बीबीसी’सारख्या नामवंत संकेतस्थळांवर जाहिरातींच्या वाटेने खंडणीखोर प्रोग्राम शिरले. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द अमेरिकेच्या एफबीआयने गाळणी वापरण्याचा सल्ला दिला.

मग करायचे काय? घराला कडी लावणे हा गुन्हा नव्हे; पण ओळखीच्या माणसाला आपण दार उघडतोच ना? जे संकेतस्थळ मेहनतीने लिहिते आणि पाळत ठेवत नाही, त्याच्यापुरती गाळणी उचलावी किंवा सरळ वर्गणी भरावी. एकटीने पाककृतींचे संकेतस्थळ चालवणाऱ्या एखाद्या गृहिणीच्या खात्यात आपल्यामुळे चार पैसे जमा झाले, तर तो खर्च वाया गेला असे म्हणवत नाही.