अरामी: दप्तरातून डोंगरकपारीत

सोपाऱ्यातला अशोकाचा शिलालेख ब्राह्मी लिपीत आहे. त्याच सम्राटाने कंदाहारच्या खडकावर मात्र ग्रीक आणि अरामी भाषांत मजकूर कोरवला. तो १९५८ साली उजेडात आला. तो कोरला तेव्हा हखामनी इराणी साम्राज्य बुडून सत्तरेक वर्षं झाली होती, तरी त्याच्या कारभाराची भाषा असलेली अरामी तिथे टिकून होती. अरामीचं वर्णमालेचं गणित सोपं, अक्षरं अवघी बावीस. ओल्या मातीच्या विटांवर शेकडो कीलाक्षरी चिन्हं दाबत बसण्यापेक्षा चामड्यावर शाईने लिहिणं कारकुनांना परवडलं असणार! येशूच्या घरातली बोलीही हीच. पुढे सातव्या शतकापासून अरबीने तिला हळूहळू मागे रेटलं.

आज पश्चिमी अरामी उरली आहे ती दमास्कसच्या उत्तरेला, मालूला आणि त्याच्या शेजारपाजारी. मालूलातली घरं कड्याला बिलगून एकावर एक चढलेली. २०१३ साली सीरियातलं यादवी युद्ध तिथवर पोचलं आणि गावकरी पांगले. पूर्वेकडच्या बोली बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्यातले बरेचजण आता स्वीडन, जर्मनी, अमेरिकेत. ‘श्लामा’ म्हणणाऱ्या आजीला नातवंडं स्वीडिशमध्ये उत्तर देतात. तुर्कस्तानातल्या म्लहसो गावाची बोली १९१५ साली तिथल्या ख्रिश्चनांच्या झालेल्या कत्तलीत मोडून पडली. ती अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वारला.