स्वतःचे सामान, सरकारची चौकी

लेखमाला : जकातीचा प्रवास – लेखांक 6

झाशीच्या पूर्वेला सत्तरएक किलोमीटरवर गुरसराय आहे. तिथून आज कुणी पिशवी खांद्याला लावून ओरछ्याला किंवा छतरपूरला गेले, तर वाटेत उत्तर प्रदेश संपून मध्य प्रदेश लागतो, पण पिशवीत काय आहे हे कुणी विचारत नाही. बेतवा आणि धसान या नद्यांमधल्या मुलखाला ही मोकळीक फार उशिरा मिळाली. एकोणिसाव्या शतकात समथर, ओरछा, दतिया ही संस्थाने इथे एकमेकांना खेटून होती आणि प्रत्येकाची जकात वेगळी. खुद्द झाशीचे तर विलक्षणच होते. 1861 मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना देऊन टाकले आणि 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात ते परत घेतले. मधली पंचवीस वर्षे गुरसराय इंग्रजांच्या झाशी जिल्ह्यात होते आणि झाशी शहर मात्र ग्वाल्हेर संस्थानात.

मराठी वाचकाला गुरसराय परके नाही. छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या बुंदेलखंडातल्या वाट्याचा कारभार पाहायला गेलेले गोविंद बल्लाळ खेर हे रत्नागिरीकडच्या नेवरे गावचे. तिकडेच रुजल्यामुळे ते गोविंदपंत बुंदेले झाले. पानिपतच्या आधी, डिसेंबर 1760 मध्ये, अब्दालीची रसद तोडताना ते मारले गेले. खेरांची जालौनची गादी इंग्रजांनी 1840 मध्ये खालसा केली, गुरसरायची जहागीर मात्र पुढेही त्यांच्याकडे राहिली.

मराठी अमलात वाटेवरच्या चौक्यांवर जकात घेतली जाई. लग्नाचे सामान, वाड्याचे लाकूड, यात्रेला निघालेल्या कुटुंबाची चीजवस्तू अशा गोष्टी जकातीविना पुढे जाव्यात म्हणून सरकारातून दस्तक मिळे. दस्तक म्हणजे चौकीदाराला दाखवायचा कागद : हा माल विक्रीचा नाही, घरचा आहे, याला अडवू नये. आज विमानतळावर ज्याला ‘बॅगेज अलाउन्स’ म्हणतात त्याच्यामागचा विचार हाच. फरक मोठा आहे, तो असा की दस्तक ज्याची दरबारात ओळख त्याला मिळे. ज्याची ओळख नाही, तो आपलीच भांडीकुंडी घेऊन चौकीवर उभा राही आणि चौकीदार म्हणेल ते द्यावे लागे.

हा फरक नीट लक्षात ठेवायला हवा. स्वतःच्या वस्तूंवरच्या जकातीचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो : ही वस्तू वापरायची की विकायची, हे ठरवायचे कुणी? लिहिलेल्या नियमाने, की चौकीवरच्या माणसाने?

इंग्रजांनी याच टापूत त्या प्रश्नाचे अत्यंत क्रूर उत्तर दिले. मिठावरचा कर प्रांताप्रांतांत वेगळा होता. 1870 च्या दशकात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मणाला 1 रुपया 13 आणे, वरच्या हिंदुस्थानात 3 रुपये, बंगालमध्ये त्याहून जास्त. शिवाय राजपुतान्यातले सांभर सरोवराचे मीठ स्वस्त. स्वस्त मीठ महाग प्रांतात शिरू नये म्हणून देशाच्या आरपार एक जकातरेषा आखली गेली. सिंधूपासून महानदीपर्यंत, सुमारे 2,300 मैल. 1869 च्या सुमारास तिच्यावर जवळपास 12,000 माणसे पहाऱ्याला होती. आग्र्याकडून ती झाशीच्या मुलखातून खाली होशंगाबाद, खांडव्याकडे उतरत होती.

या रेषेवर शेकडो मैल चक्क कुंपण वाढवले होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, जिथे जे जगेल ते. ठिकठिकाणी दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट जाड. जिथे जमिनीत काही रुजत नव्हते तिथे वाळक्या काट्यांचे फास, नाहीतर दगडी भिंत. 1867 नंतरची काही वर्षे या खात्याचे आयुक्त होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जे पुढे 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. करवंदाची जाळी मराठी माणसाला रानमेवा म्हणून ठाऊक. सरकारने ती माणसांची झडती घेण्यासाठी लावली. कुंपणाला मधूनमधून दारे होती. दारात जमादार आणि त्याचे शिपाई. व्यापाऱ्याकडे कर भरल्याचा रवन्ना असे, तो दाखवून त्याचे बैल सुटत. शेतमजुराकडे कसला रवन्ना? नदीपल्याडच्या बाजारातून घरच्या मडक्यापुरते मीठ पदरात बांधून आणणारी बाई आणि शंभर बैलांचा तांडा हाकणारा व्यापारी, दोघांचीही झडती सारखीच. शिपायांचा पगार तुटपुंजा, अधिकार मोठा. लाचखोरी बोकाळली नसती तरच नवल. सरकारच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनीच पुढे या व्यवस्थेवर कडक टीका केली. सांभरचे मीठ भाडेपट्ट्याने हाती आल्यावर उगमापाशीच कर घेणे शक्य झाले, प्रांतांतले दर जवळ आणले गेले आणि 1 एप्रिल 1879 रोजी ही रेषा उठवली गेली. रॉय मॉक्सम या इंग्रज लेखकाने 1990 च्या दशकात या कुंपणाचा माग काढला, तेव्हा इटावा जिल्ह्यात त्याचे थोडे अवशेष सापडले. बाकी सगळे नांगराखाली आणि रस्त्यांखाली गेले.

देशाच्या आतल्या चौक्या मात्र पुढे दीर्घकाळ टिकल्या. मुंबईकरांना मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा आठवत असतील. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली.

देशाच्या सीमेवर मात्र चौकी राहणारच, आणि ती असायलाही हवी. तिथला व्यवहार आता सीमाशुल्क कायदा, 1962 नुसार चालतो. प्रवाशाने आपल्या सामानात काय आहे ते स्वतः सांगायचे, हे कलम 77. प्रामाणिक वैयक्तिक सामानाला शुल्कातून सूट, हे कलम 79. त्याखाली ‘बॅगेज नियम’ येतात. 2016 च्या नियमांत, नेपाळ, भूतान आणि म्यानमार सोडून इतर देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला वापरलेल्या कपड्या-चीजवस्तूंशिवाय 50,000 रुपयांपर्यंतचे सामान शुल्काविना आणता येत होते. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा. त्यावरील रकमेवर 35 टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण 38.5 टक्के.

2019 सालचे उदाहरण घेऊ. दुबईहून कुणी 70,000 रुपयांचा कॅमेरा आणला. 50,000 वजा जाता उरले 20,000. त्यावर 38.5 टक्के म्हणजे 7,700 रुपये. इथपर्यंत सरळ. पण नवरा-बायको बरोबर असतील आणि कॅमेरा 1,00,000 चा असेल, तर ‘दोघांचे मिळून एक लाख’ हा हिशेब चालत नाही. सवलत ज्याची त्याची, ती एकत्र करता येत नाही. कॅमेरा एकाचाच धरला जाई आणि 50,000 वर 19,250 रुपये भरावे लागत. अनेक कुटुंबे नेमकी इथे गोंधळतात आणि टेबलापाशी वाद घालत बसतात.

नियम लिहिलेला असला की वाद मिटतोच असे नाही. लिहिलेला नियम जुना झाला की तोही छळतो. सोन्याचे तसेच झाले.

एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या स्त्रीला 40 ग्रॅमपर्यंत दागिने शुल्काविना आणता येत होते, पण त्यांची किंमत 1,00,000 रुपयांवर जाऊन चालत नसे. पुरुषाला 20 ग्रॅम आणि 50,000. ही 2016 ची मर्यादा. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने तीस हजारांच्या आसपास होते, त्यामुळे एक लाखात तीसेक ग्रॅम तरी बसत. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला. नियमाच्या कागदावर चाळीस ग्रॅम तसेच राहिले, प्रत्यक्षात सवलत एका तोळ्याच्याही आत आली. आपल्याकडच्या बाईचे मंगळसूत्र, दोन पाटल्या आणि कानातले एवढ्याने ती मर्यादा ओलांडली जाई. सासूने घातलेल्या, वर्षानुवर्षे वापरून झिजलेल्या पाटल्यांची पावती कुठून आणायची? टेबलावर मूल्यमापक दागिना वजनकाट्यावर ठेवतो, कस पाहतो, त्या दिवसाच्या दराने किंमत लावतो. झीज, आठवण, लग्नाचे वर्ष यांना तिथे रकाना नाही.

असे काही प्रवासी न्यायालयात गेले आणि बरे झाले. परदेशस्थ महिलेच्या दागिन्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि ते दागिने वैयक्तिक वापराचे मानले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने अंगावरचे जुने दागिने जप्त झालेल्या प्रवाशांच्या अनेक याचिका ऐकल्या आणि काळाबरोबर न राहिलेल्या या नियमांचा फेरविचार करायला सांगितले. फेब्रुवारी 2026 मध्ये लागू झालेल्या नव्या बॅगेज नियमांनी दागिन्यांची रुपयांतली मर्यादा काढली, वजनाची ठेवली आणि सर्वसाधारण सवलत 75,000 रुपयांवर नेली. दहा वर्षे हे व्हायला लागली. तोवर ज्यांनी दंड भरला त्यांनी तो भरलाच.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई व्यावसायिक मंडळी देशभर गावोगावी सोने-चांदी गाळण्याची दुकाने थाटून बसली आहेत. सोन्यावरच्या शुल्काचा परिणाम त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. 2022 मध्ये हे शुल्क 15 टक्क्यांपर्यंत गेले, जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ते 6 टक्क्यांवर आले. शुल्क जितके जास्त, तितका चोरट्या मालाचा फायदा जास्त, आणि कर भरून धंदा करणारा तितका मार खातो. तेव्हा सीमेवर तपासणी नको, असे कुणी म्हणणार नाही. मागणी एवढीच की सोन्याची पेस्ट पट्टीत लपवून आणणारा आणि मंगळसूत्र घालून येणारी यांच्यातला भेद नियमातच स्पष्ट असावा, रात्री अडीच वाजता थकलेल्या अधिकाऱ्याच्या अंदाजावर तो सोडू नये.

प्रवाशाच्या हातात काय आहे? बरेच आहे. परदेशी जाताना महागडे दागिने, कॅमेरा किंवा घड्याळ बरोबर असेल, तर निघण्यापूर्वी विमानतळावरच्या सीमाशुल्क कार्यालयातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. वस्तू दाखवावी लागते, तिचे वर्णन आणि किंमत लिहिली जाते. परतताना तोच कागद दाखवला की ती वस्तू भारतातूनच गेली होती हे सिद्ध होते. हे काम वेळ खाते, म्हणून नेहमीपेक्षा लवकर पोचावे. येताना मर्यादेबाहेर काही असेल, तर लाल मार्गाने जाऊन ते सांगावे. हिरव्या मार्गाने गेलेला प्रवासी ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही’ असे न बोलता सांगून मोकळा झालेला असतो. पुढे दाराशी त्याची बॅग उघडली गेली तर शुल्काबरोबर दंड आणि जप्ती यांचीही शक्यता येते.

कलम 80 फार थोड्यांना माहीत असते. परदेशात स्थायिक झालेली मुलगी महिनाभरासाठी माहेरी येत असेल आणि तिच्याकडची एखादी वस्तू शुल्कपात्र ठरत असेल, तर शुल्क भरणे हा एकच मार्ग नाही. वस्तूची माहिती आधीच खरी सांगितलेली असेल, तर ती सीमाशुल्क खात्याकडे ठेवून पावती घेता येते आणि परत जाताना ती सोडवून नेता येते. पावती मागून घ्यावी, तिच्यावरचे वजन आणि वर्णन तिथेच वाचून पाहावे, आणि परतीचे विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर ते आधीच सांगावे.

पुढील लेखांकात : परदेशातून टपालाने आणि कुरिअरने येणारी पार्सले, आणि भेटवस्तूंवर शुल्क कधी लागते.