दोन हिरव्या रेषा आणि एक पूल

लोकलच्या दारावरचा नकाशा एकदा नीट बघा. मी आंबिवलीचा, त्यामुळे माझा तो पाठच आहे. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, सगळे ठिपके सारख्याच अंतरावर. प्रत्यक्षात कल्याण ते शहाड तीनेक किलोमीटर आणि टिटवाळा ते खडवली त्याच्या दुपटीहून जास्त. टिटवाळ्याजवळची काळू नदी तर नकाशात नाहीच! तरी कुणी तक्रार करत नाही. पुढचं स्टेशन कुठलं आणि गाडी कुठे बदलायची, एवढंच आपल्याला हवं असतं. हॅरी बेकने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हेच केलं आणि १९३३ मध्ये तो नकाशा लोकांच्या हातात आला.

माझं संशोधन अशाच नकाशांवर आहे, फक्त स्टेशनांच्या जागी राउटर आणि स्विच. नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर हे नकाशे बरंचसं स्वतःच बनवतं. कसं? प्रत्येक स्विच एलएलडीपी नावाच्या पद्धतीने, साधारण दर ३० सेकंदांनी, शेजाऱ्याला सांगत असतो की मी अमुक, माझ्या या पोर्टवरून बोलतोय. सॉफ्टवेअर एसएनएमपीने प्रत्येकाला विचारतं, 'तुझे शेजारी कोण?' आणि उत्तरं जोडून जाळं तयार करतं.

आता हे जाळं पडद्यावर मांडायचं कुठे? जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती म्हणजे प्रत्येक रेषेला स्प्रिंग समजायचं, ठिपक्यांना एकमेकांना ढकलू द्यायचं आणि सगळं शांत होईपर्यंत थांबायचं. पीटर ईड्सने १९८४ मध्ये हे मांडलं, फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी १९९१ मध्ये सुधारलं. चित्र सुबक येतं. पण एक स्विच वाढला की सगळं पुन्हा हलतं, काल डावीकडे असलेलं कल्याण आज उजवीकडे! बघणाऱ्याच्या डोक्यात बसलेला नकाशा मोडतो. म्हणून मांडणी बदलताना तो डोक्यातला नकाशा कसा जपायचा, यावर १९९५ मध्ये ईड्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळा निबंधच लिहिला. व्यवहारात उपाय सोपा आहे, ठिपके हाताने ओढून जागच्या जागी पक्के करायचे.

आणि इथेच मी तोंडघशी पडलो.

पीएचडीच्या आधी मी एका इंटरनेट पुरवठादाराकडे रात्रपाळी करायचो. तिथला नकाशा गिचमिड होता, तो मीच हौसेने नीटनेटका केला. एका गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या दोन फायबर, एक मुख्य आणि एक राखीव. त्या मी पडद्याच्या दोन टोकांना ओढल्या. रेषा एकमेकींना छेदत नव्हत्या, दिसायला झकास. पावसाळ्यातल्या एका रात्री दोन्ही एकदम लाल झाल्या. इतक्या लांब असलेल्या दोन रेषा एकत्र तुटतील हे डोक्यातच येईना. मी पाऊण तास वीज आणि उपकरणं तपासत बसलो. सकाळी माणूस जाऊन आला तेव्हा कळलं, दोन्ही केबल एकाच नाल्यावरच्या पुलाच्या एकाच पाइपातून जात होत्या. तोवर गिऱ्हाईक बंद ते बंदच.

सॉफ्टवेअरची चूक नव्हती. एलएलडीपीला पूल माहीत नसतो, पाइप काही 'मी अमुक' म्हणत नाही. एकाच घावात तुटू शकणाऱ्या अशा रेषांच्या गटाला आमच्या क्षेत्रात 'सामाईक जोखमीचा गट' म्हणता येईल. ही माहिती माणसानेच भरावी लागते आणि बहुतेक वेळा ती कुणा जुन्या लाइनमनच्या डोक्यात असते.

मग भरायची कशी? झॅबिक्ससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर नुसतं चित्र म्हणून एक घटक ठेवता येतो, ज्यावर कुठलंही उपकरण जोडलेलं नसतं. तिथे पूल ठेवा आणि दोन्ही फायबरच्या रेषा त्याच्यातूनच न्या. रेषेला ट्रिगर जोडता येतो, तो पेटला की रंग बदलतो. रंगासोबत रेषा तुटकही करा, अनेकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. आता दोन्ही रेषा लाल झाल्या तर नजर आपोआप मधल्या पुलावर जाते. चित्र थोडं कुरूप होतं खरं. रेषा एका ठिकाणी गोळा होतात, स्वयंचलित मांडणी ज्याला दोष मानते नेमकं तेच. माझ्या मते इथे कुरूपच बरं.

दुसरी गंमत पार्श्वभूमीची. बरेच जण मागे गूगलचा खराखुरा नकाशा लावतात. मला तो मोह टाळावासा वाटतो, कारण मग एका इमारतीतले वीस स्विच एकाच ठिपक्यावर चढतात आणि खडवलीपलीकडे पडदा रिकामा. त्यापेक्षा लोकलच्या पट्टीसारखी मांडणी ठेवा आणि जिथे जमीन महत्त्वाची आहे, म्हणजे पूल, फाटक, नाला, तेवढीच त्यात घाला.

सध्या मी अडकलोय ते वेगळ्याच जागी. रस्ता पुन्हा खोदला, केबल दुसऱ्या बाजूने टाकली, की नकाशातला पूल खोटा ठरतो, आणि तो खोटा आहे हे सांगणारं कुणी नसतं. म्हणून प्रत्येक पुलावर 'शेवटचं कोणी, कधी पाहिलं' ही तारीख लिहायची आणि जुनी झाली की चिन्ह फिकट करायचं, असा प्रयोग चालू आहे. किती महिन्यांनी फिकट करायचं, यावर गाईडचं आणि माझं अजून भांडण आहे. ते म्हणतात सहा, मी म्हणतो दर पावसाळ्याआधी.