पाच वाक्यांचं पत्र आणि 'सेफ' गोळी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून देतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'आय मीन' काढलेत, बाकी जसंच्या तसं.

विषय आहे ओपिऑइड पेनकिलर. नशेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अंधारी गल्ली आणि पांढरी पावडर येते. पण ही नशा केमिस्टकडून, बिलासकट आणि डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीवर घरात येऊ शकते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी कुठली गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. ही गोळी शरीरात काय करते आणि 'सेफ आहे' हा समज कुठून आला, एवढंच सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण सगळ्याच वेदनाशामक गोळ्यांना 'पेनकिलर' म्हणतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही ओपिऑइड नाहीत. ती जास्त घेतली तर यकृत, पोट, किडनी यांना त्रास होतो, पण त्यांची नशा चढत नाही. ओपिऑइड हे वेगळं घराणं आहे. मॉर्फिन आणि कोडीन थेट अफूतून मिळतात. ऑक्सिकोडोन अफूतल्याच एका घटकापासून बनवतात. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल पूर्णपणे कारखान्यात तयार होतात. मेंदूत मात्र सगळ्यांचा पत्ता एकच.

तो पत्ता म्हणजे ओपिऑइड रिसेप्टर. आपलं शरीर स्वतःच एंडॉर्फिन नावाची रसायनं बनवतं, ती या रिसेप्टरवर बसतात आणि वेदना कमी जाणवते. गोळी तिथेच जाऊन बसते, पण कितीतरी जास्त जोरात. मोडलेलं हाड ती जोडत नाही. सर्व्हर डाऊन असताना फक्त अलर्ट म्यूट करावेत, तसं आहे हे. ऑपरेशननंतर चार दिवस अलर्ट म्यूट असणं फार गरजेचं असतं, त्यात वाईट काही नाही. अडचण अशी, की हेच रिसेप्टर मेंदूच्या सुखाच्या सर्किटशी जोडलेले आहेत, आतड्यांत आहेत आणि श्वासावर ताबा ठेवणाऱ्या भागातही आहेत. म्हणून वेदना थांबते, बरं वाटतं, बद्धकोष्ठता होते आणि डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो. ओपिऑइडच्या ओव्हरडोसमध्ये माणूस मरतो तो बहुतेक वेळा श्वास थांबल्यामुळे.

आता सवय कशी लागते ते बघू. रोज गोळी आली की मेंदू तिला धरूनच स्वतःचं सेटिंग बदलतो. काही आठवड्यांत तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होतो. याला टॉलरन्स म्हणतात. गोळी अचानक बंद केली तर बदललेलं सेटिंग उघडं पडतं: अंग मोडून येतं, नाक गळतं, घाम, जुलाब, झोप नाही. याला अवलंबित्व म्हणतात, आणि ते चिठ्ठीप्रमाणे गोळी घेणाऱ्या साध्यासरळ माणसालाही होऊ शकतं. व्यसन ही त्याच्या पुढची पायरी. वेदना गेली तरी गोळी हवी, नुकसान दिसतंय तरी हवी, त्यासाठी खोटं बोलायचीही तयारी. 'चांगल्या घरातला मुलगा' असणं यातून कुणाला वाचवत नाही. रिसेप्टर आडनाव विचारत नाहीत.

मग एवढं माहीत असताना अमेरिकेत घरोघरी या गोळ्या पोहोचल्या कशा? इथे आपलं पाच वाक्यांचं पत्र येतं.

जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ११,८८२ रुग्णांना निदान एकदा तरी असं औषध मिळालं होतं आणि व्यसनाचा इतिहास नसलेल्यांमध्ये नव्याने व्यसन लागल्याच्या नीट नोंदलेल्या केस होत्या फक्त ४. पत्र इतकंच. आकडे खोटे नव्हते. पण हे रुग्ण दवाखान्यात होते, औषध नर्सच्या हातातून मिळत होतं. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात काहीच नव्हतं.

आमच्या कामात याला एक ओळखीचं रूप आहे. दहा युझरवर टेस्ट पास झाली, तेवढ्या रिपोर्टवर कुणी म्हणालं, 'दहा लाख युझरवर चालेल.' रिपोर्ट खरा असतो, वाक्य खोटं असतं. इथेही तेच झालं. अट गळून पडली आणि 'व्यसन एक टक्क्याहूनही कमी जणांना लागतं' एवढंच फिरत राहिलं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये काही संशोधकांनी मोजणी छापली. त्या पत्राचा ६०८ वेळा दाखला दिला गेला होता. त्यातल्या सुमारे ८१ टक्के लेखकांनी हे रुग्ण दवाखान्यात दाखल होते, हे सांगितलंच नव्हतं.

या हवेत १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणली. आत ऑक्सिकोडोन, पण बारा तासांत हळूहळू सुटणारं. औषध हळू सुटतं म्हणून गैरवापराची शक्यता कमी मानली जाते, अशी ओळच तेव्हा औषधाच्या माहितीपत्रकात होती. म्हणजे रेट लिमिटर लावलाय, काळजी नको! पण तो लिमिटर गोळीच्या बांधणीत होता. गोळी फोडली की तो गेला आणि बारा तासांचं औषध एकदम अंगावर. कंपनीचे प्रतिनिधी मात्र डॉक्टरांना धोका कमी असल्याचं सांगत राहिले. १९९६ मध्ये ४.८ कोटी डॉलर असलेली विक्री २००० पर्यंत ११० कोटींच्या आसपास गेली. २००७ मध्ये पर्ड्यूशी संलग्न कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी दिशाभूल करणाऱ्या प्रचाराच्या खटल्यात गुन्हा कबूल केला. २०२० मध्ये पर्ड्यूने पुन्हा गुन्हे कबूल केले.

२०१० मध्ये गोळी सहज फुटणार नाही अशी बनवली गेली. पण तोवर व्यसन लागलेल्यांपैकी अनेक जण स्वस्त हेरॉईनकडे वळले, आणि पुढे बाजारात बेकायदा फेंटानिल आलं. २०२२ मध्ये अमेरिकेत ओपिऑइडमुळे झालेल्या ओव्हरडोसमध्ये ८० हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक मृत्यू फेंटानिलचे, चिठ्ठीवरच्या गोळीचे नाहीत. पण रस्ता अनेकांसाठी तिथूनच सुरू झाला होता.

'हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठे?' असं म्हणू नका. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.१ टक्के भारतीय ओपिऑइड वापरतात असं दिसलं. त्यात औषधी ओपिऑइड वापरणारे जवळपास १ टक्का. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसमध्ये, आणावं लागलं ते उगाच नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारांनी दाखवलं, की मुंबईतली एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या बनवून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टकडे पाठवतेय, आणि तिथली तरुण पोरं त्याची नशा करताहेत. कारखाना कुठे? पालघर जिल्ह्यात. त्यानंतर केंद्राने या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली, आणि राज्याच्या एफडीएने कारखान्यातला साठा जप्त केला. आपल्या लोकलच्या टप्प्यातली गोष्ट आहे ही.

मग या गोळ्यांना घाबरून पळायचं का? अजिबात नाही. कॅन्सरच्या रुग्णासाठी मॉर्फिन हे वरदान आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. नियम इतके कडक होते की ज्यांना खरी गरज त्यांनाच ते मिळेना, म्हणून २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती करावी लागली. चिठ्ठी म्हणजे 'हे औषध सेफ आहे' असा शिक्का नाही. या माणसाला, या दुखण्यासाठी, इतके दिवस, अशा तीन अटी चिठ्ठीत असतात. त्या पत्राची अट गळाली आणि एका देशाचं नुकसान झालं. चिठ्ठीच्या अटी गळाल्या की एका घराचं होतं.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

डॉक्टरांना सरळ विचारा: यात ओपिऑइड आहे का? किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची? पाकिटावर लाल रंगात 'एनआरएक्स' दिसलं तर ते एनडीपीएस कायद्यातलं औषध आहे, हे समजा.

बरेच दिवस घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून डोस हळूहळू उतरवून घ्या.

दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर कधीच नको. दोन्ही मिळून श्वास थांबवतात.

उरलेल्या गोळ्या घरातल्या डब्यात जपून ठेवू नका आणि 'मला बरं वाटलं' म्हणून काकूंच्या गुडघ्यासाठी देऊ नका.

मध्ये काही दिवस खंड पडला असेल तर जुना डोस जीवघेणा ठरू शकतो, कारण टॉलरन्स उतरलेला असतो. व्यसन सोडून परत घसरलेले अनेक जण असेच जातात.

कुणी हाक मारून, हलवूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर 'झोपू दे त्याला' म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, आणि काय घेतलंय ते लपवू नका. दवाखान्यात नॅलोक्सोन नावाचा उतारा असतो, पण तो वेळेत मिळायला हवा.

आणि जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी: हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, औषधंसुद्धा आहेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आजही हे काम करतंय.

घरी कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर हा एपिसोड त्यांना आधी पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!