दुसऱ्या देशातून स्वस्त तिकीट : किती वाचतं, काय जातं?

2023च्या हजच्या वेळची गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकांना आठवत असेल. औरंगाबादहून निघणाऱ्या हाजींना मुंबईहून निघणाऱ्यांपेक्षा माणशी सुमारे 88 हजार रुपये जास्त भरावे लागणार, असं जाहीर झालं आणि एकच ओरड झाली. मक्का तीच, मदिना तीच, राहण्याची व्यवस्था तीच. फरक फक्त विमानात कुठून बसायचं याचा. पुढच्या वर्षी केरळमध्ये तोच प्रकार घडला. कोळिकोडहून जाणाऱ्यांचं विमानभाडं कोची आणि कन्नूरच्या जवळजवळ दुप्पट सांगण्यात आलं. बोंबाबोंब झाल्यावर ते थोडं खाली आलं, पण बरोबरीला आलं नाही.

आपण कुठे जातो यापेक्षा कुठून निघतो यावर तिकिटाची किंमत ठरते, हे त्या निमित्ताने घरोघरी कळलं. मग काही लोक आणखी एक पाऊल पुढे जातात. दुसऱ्या शहरातून कशाला, दुसऱ्या देशातूनच निघालो तर? आधी वेगळ्या तिकिटावर किंवा बसने शेजारच्या देशात जायचं आणि तिथून मोठ्या प्रवासाचं स्वस्त तिकीट काढायचं. या पहिल्या उडीला विमानाच्या धंद्यात ‘पोझिशनिंग फ्लाइट’ म्हणतात. नाव नवं असलं तरी चाल जुनीच. समुद्रमार्गे हज 1995 साली बंद झाला, तोवर कोकणातला हाजी आधी मुंबई गाठायचा, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी टाकायचा आणि मग जहाज पकडायचा. फक्त तेव्हा दुसरा इलाज नव्हता, आणि आता हौसेने किंवा पैसे वाचवायला केलं जातं.

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, जितके टप्पे तितके पैसे. विमानाचं तसं नाही. त्या दिवशी, त्या गावाहून त्या गावाला जाणारा माणूस किती मोजायला तयार आहे, एवढाच प्रश्न कंपनी विचारते. जुलैमध्ये दुबईतल्या शाळा सुटल्या की सगळी कुटुंबं एकदम गावी निघतात. त्यातच भारत आणि दुबई यांच्यातल्या करारानुसार दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी सुमारे 65 हजार जागाच विकता येतात, आणि ही मर्यादा गेली कित्येक वर्षं फारशी हललेली नाही. जागा मोजक्या, माणसं अफाट. मग भाडं चढणारच. त्याच दिवशी मस्कतहून किंवा बहरीनहून मुंबईला जाणारं विमान निम्मं रिकामं असू शकतं.

पूल ओलांडून घरी

आपल्या लोकांमध्ये या युक्तीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा नमुना म्हणजे सौदीच्या पूर्व भागातली मंडळी. दम्माम, खोबर, जुबैल इथे काम करणारे कित्येक जण गावी जाताना बहरीनहून विमान धरतात. खोबरहून बहरीनला जोडणारा 25 किलोमीटरचा किंग फहद कॉजवे 1986 साली सुरू झाला, तेव्हापासून बहरीनचा विमानतळ त्यांच्यासाठी जणू शेजारच्या गावचा स्टँड आहे. तिकडचं भाडं कमी असेल तर बस किंवा टॅक्सी करून तासा-दोन तासांत पोहोचता येतं. गुरुवारी संध्याकाळी मात्र पुलावरच्या चौकीत गाड्यांची रांग लागते. आठवड्याची सुट्टी तिथूनच सुरू होते, आणि ज्यांचं विमान रात्रीचं असतं त्यांचा जीव टांगणीला लागतो.

इथे कागद तपासूनच पाऊल टाकावं. सौदीचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा पूल ओलांडताच सुरू होतो, भारतात उतरल्यावर नव्हे. बहरीनचा व्हिसा जाताना लागतो तसा येतानाही लागतो; एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला असेल तर परतताना पुन्हा घ्यावा लागेल. एकटा कामगार हे निभावून नेतो. बायको, दोन मुलं आणि सहा बॅगा असल्या की प्रत्येक चौकीवर सामान उतरवा, चढवा, पासपोर्ट दाखवा, हे चौपट होतं.

अमिरातीतले लोक असाच उपयोग मस्कतचा करतात. शारजा-मस्कत बस 2024 साली सुरू झाल्यापासून तो रस्ता आणखी सोपा झाला. पण कागदावर हिशेब मांडून बघा. आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. दुबईहून मुंबई जाऊन-येऊन माणशी 2,000 दिरहम आणि मस्कतहून 1,300. चार जणांचे 2,800 वाचले असं वाटतं. बसचे जाऊन-येऊन माणशी 250 धरले तर 1,000 गेले. ओमानचा व्हिसा आणि सीमेवरची फी मिळून माणशी 100, म्हणजे 400. आदल्या रात्रीचं हॉटेल 300, टॅक्सी आणि खाणंपिणं 200. हातात राहिले 900. त्यासाठी रजेतले दोन दिवस गेले आणि लहान मुलांना घेऊन जुलैच्या उन्हात सीमा ओलांडली. ज्याला दोन दिवसांचा पगार कापून घ्यावा लागतो त्याच्यासाठी हा सौदा नुकसानीचाच. एकट्या तरुण मुलाला, एका हातबॅगेवर जाणाऱ्याला, तोच सौदा फायद्याचा ठरू शकतो.

अम्मी-अब्बांचा उमरा

आता मुंबईकडून बघू. एजंटच्या दुकानात किंवा मोबाईलवर दिसतं की मुंबई-जेद्दा थेट तिकीट महाग आहे. पण मुंबई-शारजा एक आणि शारजा-जेद्दा दुसरं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली तर माणशी काही हजार कमी पडतात. मुलगा हुशार असतो, तो ती काढूनही टाकतो. उमऱ्याला मात्र साठी-सत्तरीचे आई-वडील जाणार असतात.

एका तिकिटावर दोन विमानं आणि दोन तिकिटांवर दोन विमानं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम. वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं, आणि ते येण्याजाण्याचं एकत्र असेल तर परतीचा प्रवासही बहुतेक वेळा आपोआप रद्द होतो. कारण पहिला टप्पा न वापरणाऱ्याचे पुढचे टप्पे कंपन्या काढून टाकतात. ऐन सुट्टीत आयत्या वेळचं नवं तिकीट घ्यायची वेळ आली की वाचवलेले पैसे तर जातातच, वर पदरचेही जातात.

दुसरी अडचण मुंबईच्या काउंटरवरच उभी राहते. तिथल्या माणसाला तुमचं तिकीट शारजापर्यंतच दिसतं. तो अमिरातीचा व्हिसा मागणार. पुढचं तिकीट आणि सौदीचा व्हिसा दाखवला, तरी सामान शारजाला पट्ट्यावर येणार असेल तर ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडावंच लागतं आणि त्यासाठी अमिरातीत शिरण्याची परवानगी लागते. अमिरातीचा 48 आणि 96 तासांचा ट्रान्झिट व्हिसा असतो. तो तिथल्या विमान कंपन्यांमार्फत, निघण्याआधी काढून ठेवायचा. हे न करता पोहोचलेल्याला मुंबईतूनच परत पाठवलं जातं.

व्हीलचेअरचंही तसंच. ती प्रत्येक तिकिटावर वेगळी मागावी लागते. पहिल्या कंपनीचा माणूस अब्बांना सामानाच्या पट्ट्यापर्यंत किंवा दारापर्यंत आणून सोडतो, आणि तिथून दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपर्यंतचं अंतर त्यांचं त्यांनी कापायचं असतं.

आणि मीकात. उमऱ्याची नीयत असलेल्या माणसाला एहरामशिवाय मीकात ओलांडता येत नाही. आखाताकडून जेद्दाला जाणारं विमान साधारणपणे कर्न अल-मनाज़िलच्या हद्दीवरून जातं, आणि ती वेळ उतरण्याच्या बरीच आधी येते. काही कंपन्या विमानात तशी सूचना देतात, पण स्वस्त कंपनीच्या विमानात ती होईलच असं धरून चालू नये. शारजात मध्ये एक रात्र राहणार असाल तर मुंबईहून एहराम बांधून निघायची गरज पडत नाही. दुसऱ्या विमानात चढण्याआधी गुसल करून चादरी नेसून घ्याव्या आणि नीयत व तलबिया मीकात येण्याआधी करावा. मात्र त्या चादरी हातातल्या बॅगेत हव्यात. मोठ्या बॅगेत बांधून दिल्या आणि बॅग मागे राहिली, तर जेद्दात उतरून शोधाशोध करण्यात अर्थ नाही, कारण जेद्दा मीकातच्या आत आहे आणि मग दमचा प्रश्न उभा राहतो. आधी मदिनेला जाणार असाल तर ही घाई नाही, मक्केकडे निघताना ज़ुलहुलैफाला एहराम बांधता येतो. तुमच्या मार्गाचा नेमका मसला निघण्याआधी आपल्या आलिमांकडून विचारून घ्यावा.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट घरात उघडपणे बोलायला हवी, आणि एजंट ती कधीच काढत नाही. अडचणीचे दिवस आले आणि उमऱ्याचा तवाफ राहिला, तर परतीची तारीख पुढे ढकलावी लागू शकते. एक तिकीट असेल तर एका ठिकाणी फरक भरून सुटका होते. दोन तिकिटं म्हणजे दोन कंपन्यांना दोनदा पैसे, आणि सगळ्यात स्वस्त भाड्यात तर बदलाची सोयच नसते.

परतीला ज़मज़म. जेद्दा आणि मदिनेहून निघणाऱ्या कित्येक कंपन्या माणशी पाच लिटरची विमानतळावरची सीलबंद बाटली सामानाच्या वजनाबाहेर नेऊ देतात. ही सवलत त्या कंपनीची, त्या विमानापुरती. शारजात बाटली हातात आली की शारजा-मुंबईवाल्यांना ती पाच किलोचं सामान दिसते. चौघांच्या चार बाटल्या म्हणजे वीस किलो. नुसत्या हातबॅगेचं तिकीट घेतलं असेल तर जास्तीच्या वजनाचे पैसे भरण्याची तयारी ठेवावी, नाहीतर एजंटकडूनच आधी वजन वाढवून घ्यावं. काउंटरवर ते नेहमी महाग पडतं.

याचा अर्थ थेट विमानच घ्या असा नाही. मस्कत, बहरीन, शारजा, दोहा यांपैकी कुठेतरी थांबून जेद्दाला जाणारं एकाच पीएनआरचं तिकीट मिळतं. ते थेट तिकिटाइतकं महाग बहुधा नसतं, सामान मुंबईहून थेट जेद्दाला लागतं, आणि विमान चुकलं तर जबाबदारी कंपनीची. माझ्या मते वयस्कर माणसांसाठी बचतीची मर्यादा इथपर्यंतच असावी.

विलायतेतली मंडळी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांचा मामला वेगळा आहे, आणि तिथे ही युक्ती कधीकधी खरोखर फळते. ब्रिटनमधून विमानात बसणाऱ्यावर सरकार एअर पॅसेंजर ड्यूटी लावतं. 1994 साली सुरू झालेला हा कर अंतराप्रमाणे चढतो. भारताएवढ्या अंतराला साध्या वर्गात तो 1 एप्रिल 2025पासून माणशी 90 पौंड झाला. शेजारच्या आयर्लंडने आपला असा कर 2014 साली काढून टाकला. म्हणून डब्लिनहून सुरू होणारं मुंबईचं तिकीट लंडनहून सुरू होणाऱ्यापेक्षा स्वस्त दिसतं. पण साध्या वर्गातल्या 16 वर्षांखालच्या मुलांना हा कर माफ आहे. दोन मोठे आणि दोन लहान अशा कुटुंबाचा वाचणारा कर चौघांचा नाही, दोघांचाच असतो. त्यातून डब्लिनला जाण्याचं भाडं आणि तिथला मुक्काम वजा करा. आणि पासपोर्ट भारतीय असेल तर आयर्लंडच्या व्हिसाचं काय, हे तिकिटाच्या आधी बघा.

उलट दिशेने एक चांगली सोय आहे. सौदीच्या कंपन्यांचं, म्हणजे सौदिया किंवा फ्लायनासचं तिकीट घेऊन पुढे युरोपात जाणाऱ्याला मध्ये 96 तास थांबायचा स्टॉपओव्हर व्हिसा 2023पासून सुरू झाला, आणि त्यात उमराही करता येतो. लेकाकडे लंडनला जाणाऱ्या आई-वडिलांना एकाच तिकिटात दोन्ही साधू शकतं. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढतानाच कंपनीच्या साइटवर पात्रता बघून घ्यावी.

रमज़ानच्या आधी उमऱ्याच्या स्वस्त पॅकेजांची पत्रकं मशिदीबाहेर वाटली जातात. त्यात ‘व्हाया’ एवढाच शब्द असतो. पैसे देण्याआधी एजंटला विचारा: पीएनआर एक की दोन? नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा. मुंबई ते जेद्दा सगळे टप्पे एका पानावर दिसले पाहिजेत. दोन निघाले तर मधल्या विमानतळावर व्हिसा कोण काढणार, सामान कोण उचलणार आणि अब्बांची व्हीलचेअर कोण ढकलणार, हे तेव्हाच लिहून घ्या.